साहेबाचा माणूस

कोसमटोला,
८ डिसेंबर २०२३

आदरणीय गुणवंतरावभाऊ निकुरे यांना जय भीम.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमची एक प्रेक्षक. परवा आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेत तुमच्या मंडळीने ‘कुंकू लावले हेराला’ हे नाटक केलं, ते मी आईसोबत अगदी पुढे ताडपत्रीवर बसून पाहिलं. जाहिरातीच्या कागदावर खाली वडशाच्या ऑफिसचा पत्ता होता, त्यावर लिहीत आहे.

नाटक आवडलं, हे आधी सांगते. बेचाळीसच्या चळवळीतला तो माधव मुनशी, वरून इंग्रज साहेबाचा नोकर आणि आतून क्रांतिकारकांचा हेर, हे काम तुम्ही स्वतः केलं. केस काळे केले होते ते दिसत होतं, पण काम खणखणीत झालं. बायको त्याला गद्दार समजून त्याच्यासमोर कुंकू पुसते तेव्हा माझ्या आईने पदर तोंडात कोंबला. बायकोचं काम करणाऱ्या चंचलबाई खरंच रडत होत्या की काय, असं बाया अजून एकमेकींना विचारतात. फक्त शेवट मला पटला नाही. मुनशी फासावर गेल्यावर अख्खं गाव त्याला ओळखतं आणि त्याच्या नावाने घोषणा देतं. मेल्यावर कोणी ओळखत नाही, भाऊ. जिवंतपणी जे म्हणतात तेच मेल्यावरही म्हणतात.

पण पत्र लिहिण्याचं कारण दुसरं आहे. दुसऱ्या अंकात साहेब विचारतो, “हवलदार, इस गाँव में हमारा आदमी कौन है?” आणि तुमचा विनोदी नट डोमा सलाम ठोकून म्हणतो, “आहे ना साहेब! आपला देवाजी! रोज पहाडीवर चढते अन् तुमाले फोन लावते!” लोक हसले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. देवाजी नावाचा माणूस आमच्या गावात खरोखर आहे आणि तो तेव्हा दुसऱ्या ओळीत बसला होता.

माझी विनंती एवढीच आहे, की या जागी जिवंत माणसाचं नाव घेऊ नये. आणि आमच्या गावचं जे घेतलं ते परत घ्यावं. ज्या माईकवरून घेतलं त्याच माईकवरून.

फोन केला नाही, कारण आमच्या गावात टॉवर लागत नाही. लागतो तो पोलीस ठाण्याशेजारच्या पहाडीवर. उत्तर पाठवायचं झालं तर आरोग्य केंद्राच्या पत्त्यावर पाठवा, मी गावची आशा सेविका आहे, मीटिंगला तिथे जाते. पाकीट साधं असलं तर बरं.

तुमची एक प्रेक्षक,
संघप्रिया


देसाईगंज (वडसा),
१७ डिसेंबर २०२३

संघप्रियाबाईंना गुणवंतरावांचा रंगभूमीवरून नमस्कार.

तुमचं पत्र वाचून छाती भरून आली! हल्ली कोण पत्र लिहितं? नाटक आवडलं तर मोबाईलवर अंगठा पाठवतात, नाही आवडलं तर तोही नाही. या पत्राला मी माझ्या पेटीत जागा दिली आहे. तीस वर्षांत प्रेक्षकांनी जे जे कळवलं ते सगळं मी जपून ठेवतो, बाई. उद्या डोळे मिटले तर तेवढीच आमची कमाई.

आणि या नाटकाने तर यंदा कहर केला आहे. मूलकडच्या एका गावात एका म्हातारीने डोमाला चप्पल फेकून मारली आणि प्रयोग संपल्यावर स्वतःच ती मागायला आली. “लेका, काम चांगलं केलंस, चप्पल दे आता,” म्हणे. बल्लारपूरला कागद कारखान्यातले एक रिटायर्ड गृहस्थ विंगेत येऊन माझ्याशी भांडले, की बेचाळीस साली पहाडीवर फोन कुठून आला? मी म्हटलं, काका, फोन आहे म्हणून तर लोक हसतात. एके ठिकाणी कॉलेजच्या पोरांनी तिसरा अंक संपल्यावर उभं राहून वंदे मातरम् म्हटलं. शेवटाविषयी तुमचं म्हणणं वाचलं. पण शेवटी घोषणा नसल्या तर लोक काय घेऊन घरी जातील? थंडीत बसलेल्या माणसाला काहीतरी गरम द्यावं लागतं.

आता तुमची तक्रार. गावातल्या माणसाचं नाव विनोदात घेणं ही आपल्या झाडीपट्टीची जुनी रीत आहे. नाटक सुरू होण्याआधी डोमा नाटक ठेवणाऱ्या मंडळाच्या पोरांना विचारतो, गावात गमतीचा माणूस कोण? ते सांगतात, तो घेतो. राग कोणी धरत नाही. उलट मूलजवळ एका सरपंचाने आपलंच नाव घ्या म्हणून आम्हाला जेवण दिलं! तुमच्या देवाजीभाऊंचं नाव कोसमटोल्याच्या पोरांनीच सांगितलं, पहाडी आणि फोनसकट. आम्हाला परक्यांना काय माहीत?

नाव परत घ्या म्हणता. पण बाई, नाव म्हणजे काही शेजारणीचं उसनं पातेलं नव्हे, घासून परत द्यायला. चार दिवस लोक हसतील आणि विसरतील. देवाजीभाऊंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, एका रात्रीत तुम्ही नट झालात!

रंगदेवतेचा सेवक आणि तुमचा,
गुणवंत निकुरे


कोसमटोला,
२४ डिसेंबर २०२३

गुणवंतरावभाऊंना जय भीम.

साधं पाकीट पाठवा म्हटलं होतं. तुम्ही नाटकाचं छापील पाकीट पाठवलं, वर टोपी घातलेल्या हेराचं चित्र. आरोग्य केंद्रातून ते मी ब्लाऊजमध्ये घालून घरी आणलं.

देवाजीभाऊंना तुमचा नमस्कार सांगितला. ते माझे बाबा आहेत. पहिल्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण पोरगी बापाची बाजू घेते असं तुम्हाला वाटलं असतं. प्रेक्षक म्हणून लिहिलं तर ऐकाल असं वाटलं होतं.

आता जरा नीट वाचा. चार वर्षांपूर्वी आमच्या मागच्या पहाडीपलीकडे चकमक झाली. अंदरवाल्यांची, म्हणजे नक्षल्यांची, तीन पोरं मेली, त्यातली एक पोरगी बाजूच्या गावची. ते तिथे जेवायला थांबले आहेत हे पोलिसांना कोणी सांगितलं, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या गावात आहे. कोणी मोठ्याने विचारत नाही. पण एखादा नवी गाडी घेतो, एखाद्याचा पोरगा पोलीस भरतीत लागतो, तेव्हा लोक एकमेकांकडे बघतात. आणि तुमच्या डोमाने भर मंडईत, दोन भोंगे लावून, त्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

बाबा पहाडीवर चढतात, खरं आहे. माझ्यासाठी चढतात. कुणा बाईला कळा सुटल्या की मी तिच्याजवळ बसते आणि बाबा गाडी बोलवायला पहाडीवर जाऊन फोन लावतात. गावातली किती लेकरं त्या फोनमुळे जगली हे त्या पोरांच्या मायांना विचारा. आता विचारलं तर त्या काय सांगतील माहीत नाही.

नाटकाच्या दुसऱ्या दिवसापासून पोरं त्यांना ‘साहेबाचा माणूस’ म्हणून हाक मारू लागली. पहिल्या दिवशी बाबाही हसले. मग आमचा धान चुरायचा, मळणीचा दिवस आला. आमच्याकडे एकमेकांच्या खळ्यावर जाण्याची पद्धत आहे, आज तुमचा धान, उद्या आमचा. बाबा सगळ्यांकडे जाऊन आले होते. आमच्याकडे कोणी आलं नाही. आईने दहा जणांचा भात शिजवला होता. तो आम्ही तिघांनी दोन दिवस खाल्ला. जंगू मडावी म्हणून बाबांचा लहानपणचा सोबती आहे, त्याच्याकडे बाबा विचारायला गेले. तो दारात उभा राहून म्हणाला, “देवाजी, मले तुह्यावर शक नाई. पण मी तुह्या खळ्यावर दिसलो त मह्यावर शक येईन. मले लेकरं आहेत ना गा.”

परवाच्या आठवडी बाजारात दोन अनोळखी माणसं पानठेल्यावर विचारून गेली, कोसमटोल्याचा देवाजी कोणता? हे हसून विसरण्यातलं आहे का, ते तुम्हीच सांगा.

तुम्ही म्हणता आम्ही परके, आम्हाला काय माहीत. तुमचं अख्खं नाटक खबरीवर आहे, भाऊ. हेराचं काम तुम्ही करता, हेराचे संवाद तुम्ही लिहिता. आणि ज्या मुलखात खबऱ्या म्हटलं की माणूस मरतो तिथे येऊन तोच शब्द हसायला वापरता, आणि म्हणता माहीत नाही. मग माहीत करून घ्यायचं होतं.

माझं मागणं बदललेलं नाही. तुम्ही स्वतः येऊन माईकवरून दोन वाक्यं बोला. हे नाव मंडळाच्या पोरांनी गंमत म्हणून सांगितलं होतं. देवाजीचा त्या गोष्टीशी काही संबंध नाही. बस. तुमचं कौतुक मी जन्मभर करीन.

संघप्रिया देवाजी उंदीरवाडे


मुक्काम मूल,
२ जानेवारी २०२४

संघप्रियाबाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू? तीस वर्षांत मला कोणी असं झापलं नव्हतं. दुसऱ्यांदा वाचताना त्या तीन पोरांच्या ओळीखाली पेनने रेघ मारली. मी मूलचा माणूस. आमच्याकडे धान, राईस मिल आणि बाजार. खबऱ्या हा शब्द मला नाटकापुरताच माहीत. कोणी खबऱ्या म्हटलं तर आमच्याकडे फार तर भांडण होतं. तुमच्याकडे काय होतं ते पेपरात वाचलं होतं, पण पेपरात वाचलेलं दुसऱ्याच्या गावचं असतं.

डोमाला बोलावून विचारलं. बिचारा रडायला लागला. “भाऊ, पोट्ट्यायनं सांगतलं, मी म्हनलो. मले का मालूम ते असं होईन?” त्या नावाच्या जागी आता आम्ही ‘आपली सासू’ असं घातलं आहे. लोक तेवढेच हसतात.

तुमच्या गावाला येण्याबद्दल. सध्या सीझन आहे, रोज प्रयोग, एका गावाहून दुसऱ्या गावी गाडी. एक दिवस मोडला तर मंडळवाले पुढच्या वर्षी दारात उभं करणार नाहीत. पण देवाचीच कृपा समजा, बारा तारखेला मोहटोल्याला शंकरपटाच्या बैलशर्यती आहेत आणि रात्री आपलाच प्रयोग ठरला आहे. मोहटोला तुमच्यापासून जवळ. तुमचा अख्खा गाव तिथे पट बघायला येतो असं तिथल्या मंडळाचे रोशनभाऊ सांगत होते. तिथे मी बोलतो. माझा शब्द आहे.

मात्र दोन वाक्यं बोलून काय होणार, बाई? नटाने दोन वाक्यं बोलली तर लोकांना वाटेल, यालाही कोणी पढवलं. ज्या माणसाची भर मांडवात बेअब्रू झाली त्याची भर मांडवात अब्रू झाली पाहिजे. रंगभूमीने बिघडवलेलं रंगभूमीच दुरुस्त करते. देवाजीभाऊंना नक्की आणा. मी असं काही करीन की गाव बघत राहील.

तुमचा अपराधी, पण हात न झटकणारा,
गुणवंत निकुरे


कोसमटोला,
५ जानेवारी २०२४

भाऊ,

तुमचं पत्र आजच मिळालं, लगेच उत्तर लिहीत आहे. बारा तारखेच्या आत तुमच्या हाती पडावं.

तुम्ही येता हे वाचून आईने पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. पण तुमची शेवटची ओळ वाचून मला धडकी भरली. काही करू नका. गावाने बघत राहावं असं आम्हाला काहीच नको. दोन वाक्यं म्हटलं तर दोनच. बाबांना स्टेजवर बोलावू नका, त्यांच्याकडे बोट दाखवू नका, हार नको, नारळ नको. आणि त्यांच्या नावासोबत पोलीस हा शब्दसुद्धा नको, बरा नाही, वाईट नाही. ते आपले अंधारात मागे बसतील.

बाबांनी येऊ नये असं मला वाटतं. पण ते ऐकत नाहीत. म्हणतात, “नाव घेतलं तवा मी होतो. परत घेतीन तवाबी मी पायजे.” आईकडून पांढरा शर्ट धुऊन घेतला आहे.

एवढं माझं ऐका.

संघप्रिया


देसाईगंज (वडसा),
१३ जानेवारी २०२४

संघप्रियाबाई,

आज सकाळीच मोहटोल्याहून गाडी परत आली. अजून तोंडाचा रंग उतरला नाही आणि मी पत्र लिहायला बसलो आहे, कारण असा दिवस पुन्हा येत नाही! ऑफिसमध्ये टपालाचा ढीग पडला आहे, तो नंतर बघतो, आधी हे.

तुम्ही बायांमध्ये बसला होता असं कळलं, गर्दीत दिसला नाहीत. तरी माझ्याकडून कसं झालं ते सांगतोच. दुसरा अंक पडल्यावर मी मुनशीच्या वेशातच पडद्यापुढे आलो. माईक घेतला. म्हटलं, मायबाप, आमच्याकडून चूक झाली. एका सज्जन माणसाचं नाव आम्ही गंमत म्हणून घेतलं. देवाजीभाऊ उंदीरवाडे हा सोन्यासारखा माणूस आहे. माझा आवाज भरून आला होता, ते नाटक नव्हतं.

पण नुसत्या बोलण्याने माझं समाधान होईना. मी आधीच रोशनभाऊंना सांगून शाल आणि श्रीफळ आणवलं होतं. आणि योग बघा, प्रयोगाचे उद्घाटक म्हणून खुद्द ठाणेदार साहेबच पहिल्या खुर्चीवर! तरुण पोरगा आहे, साहित्याची आवड असलेला. मी म्हटलं, ज्या माणसावर लोकांनी शिंतोडे उडवले त्याचा सत्कार सरकारच्या हातून झाला तर आणखी काय पाहिजे? देवाजीभाऊ मागे बसले होते, मंडळाच्या पोरांनी हाताला धरून त्यांना स्टेजवर आणलं. साहेबांनी स्वतः त्यांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ हातात दिला, आणि न सांगता चार शब्दही बोलले. अशी माणसं गावोगावी पाहिजेत, यांच्यासाठी आमचा दरवाजा सदैव उघडा आहे, असं म्हणाले. किती मोठं मन!

देवाजीभाऊंनी नारळ छातीशी धरला होता. डोळ्यांत पाणी होतं. मी माईक त्यांच्यापुढे धरला, पण तोंडातून शब्द फुटेना. माणूस भारावला की असंच होतं. सगळा मांडव एकदम शांत झाला. टाळ्या थोड्या कमी पडल्या, पण थंडी कडक होती, लोकांचे हात घोंगडीत होते. रोशनभाऊंनी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि पेपरातही देतो म्हणाले.

माझ्या डोक्यावरचा दगड उतरला, बाई. देवाजीभाऊ आता तुमच्या गावात ताठ मानेने फिरतील. पेटीत ठेवण्यासारखं एक पत्र पाठवा.

हलक्या मनाने,
गुणवंत निकुरे


देसाईगंज (वडसा),
२२ जानेवारी २०२४

संघप्रियाबाई,

दौऱ्यावरून आज परतलो आणि टपालाच्या ढिगात तुमचं पाच तारखेचं पत्र सापडलं. वाचून आधी पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख पाहिली.

मला हे आधी मिळालं असतं तर! पण तुम्हीच सांगा, एवढं का वाईट झालं? मी चांगल्यासाठी केलं. साहेबांनीही चांगल्यासाठी केलं. नारळ आणि शाल यांनी कधी कोणाचं वाईट झालं आहे का? आमच्या प्रत्येक प्रयोगात सत्कार असतो, सरपंच, पोलीस पाटील, ठाणेदार कोणाच्या तरी हातून. मी हात बघितला नाही, मान बघितला.

डोमाला तुमचं पत्र दाखवलं तर तो म्हणाला, “भाऊ, तो मानूस रडत नोयता. भेला होता.” मी त्याच्यावर ओरडलो. नंतर तो फोटो मोठा करून पाहिला. देवाजीभाऊ नारळाकडे बघत नाहीत, साहेबांकडेही नाही. मांडवाच्या मागे, जिथे उजेड पोचत नाही, तिकडे बघत आहेत.

दोन ओळी लिहा. सगळं ठीक आहे एवढंच लिहा.

गुणवंत


देसाईगंज (वडसा),
९ फेब्रुवारी २०२४

बाई,

तुमचं उत्तर नाही. आरोग्य केंद्रात फोन लावला तर कोणी म्हणालं, ती बाई सुट्टीवर आहे. मी रोशनभाऊंना फोटो काढून टाकायला सांगितलं. ते म्हणाले, आता काढून काय उपयोग, आणि फोन ठेवला. का असं म्हणाले ते मी विचारू शकलो नाही. पुन्हा फोन लावायला हात होत नाही.

हेराचं नाटक अजून चालू आहे. प्रयोग भरगच्च जात आहेत. मी मात्र फासाच्या प्रवेशात संवाद विसरतो.

काय ते कळवा. शिव्या द्या, पण कळवा. पाकीट साधं पाठवत आहे.

गुणवंत


कोसमटोला,
२ मार्च २०२४

गुणवंतराव निकुरे यांना,

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. उशीर झाला, कारण घरात लिहायला कोणाचा हात चालत नव्हता. आता चालतो.

त्या दिवशी मोहटोल्याहून आम्ही पायी परत आलो. गावचे ट्रॅक्टर बाजूने गेले, जागा होती, पण कोणी थांबलं नाही. बाबांनी शाल घडी करून काखेत धरली होती. आई म्हणाली, फेकून द्या नाल्यात. बाबा म्हणाले, फेकली अन् कोनं पाह्यलं त ठाण्यातले विचारतीन, ठेवली त बाकीचे विचारतीन. घरी येऊन त्यांनी ती कोठीत जुन्या धानाखाली ठेवली.

मी म्हटलं, बाबा, मामाकडे बल्लारपूरला जाऊन राहा. ते म्हणाले, “पळालो त खरं होईन.” आणि आमचा धान तसाच पडला होता. सगळ्यांचे चुरणे केव्हाच झाले, आमच्या खळ्यावर कोणी येत नव्हतं म्हणून आमचाच राहिला होता. रोज ते एकटे जायचे. आईला येऊ देत नव्हते, मला तर मुळीच नाही. बाकीच्यांसारखा आमचा धान वेळेत चुरला असता तर त्या संध्याकाळी ते एकटे खळ्यावर नसते. घरी असते, चार घरं आजूबाजूला असती. पण ती चार घरं बाहेर आली असती की नाही, याची मी आता शपथ घेणार नाही.

तीस जानेवारीला दिवस मावळताना आई त्यांच्यासाठी भाकर घेऊन निघाली होती. ती पोचली तेव्हा खळ्यावर पाच जण होते. तिच्यासमोरच बाबांना उठवलं. एकाने विचारलं, “ठानेदाराची शाल घेतली ते तूच ना?” बाबा म्हणाले, “घातली, दादा. मी घेतली नाई.” ही त्यांची शेवटची वाक्यं. तुम्ही माईक पुढे धरला तेव्हा त्यांना बोलता आलं नव्हतं. इथे बोलले, पण इथे भोंगे नव्हते.

सकाळी नाल्याच्या पुलाजवळ सापडले. मातीला जंगू मडावी आला, त्याची दोन पोरं आणि माझे मामा. बाकी दारं लागलेली होती. जंगू रडत होता आणि रडता रडता मागे वळून बघत होता, की आपल्याला रडताना कोण बघतं.

मग पोलीस आले. खूप गाड्या आल्या. तेच ठाणेदार साहेब आले, टोपी काढली, आईपुढे हात जोडले. वाईट माणूस नाही, मी ते म्हणत नाही. पण दारं लावून बसलेल्या लोकांनी फटीतून ते पाहिलं आणि त्यांची खात्री पटली. एवढे पोलीस रडायला येतात म्हणजे त्यांचाच होता. पेपरात बातमी आली, सोबत तुमच्या रोशनभाऊंनी काढलेला फोटो. खाली लिहिलं होतं, पोलिसांचा विश्वासू सहकारी. मी म्हटलं होतं तुम्हाला, मेल्यावर कोणी ओळखत नाही.

आता माझ्या गरोदर बाया माझ्याकडे येत नाहीत. गेल्या आठवड्यात पुनमला कळा सुटल्या. मी दारात गेले तर तिच्या सासूने “नको बाई, तू जाय” म्हणून हात जोडले. पहाडीवर कोणी गेलं नाही. लेकरू पोटातच गेलं. हेही तुमच्या नाटकात बसवा कुठेतरी.

आणि परवा ठाण्यातून निरोप आला. आठ मार्चला महिला दिनाचा मेळावा आहे, आईचा सत्कार करायचा आहे. शाल आणि श्रीफळ. गाडी न्यायला येईल म्हणाले. आई नाही म्हणाली तर ते पुन्हा समजवायला घरी येतील, त्यांची गाडी पुन्हा आमच्या दारात उभी राहील. गेली तर तुम्हाला माहीतच आहे. आईने निरोप आणणाऱ्या शिपायाला पाणी दिलं आणि म्हणाली, “साहेबाले सांग बापू, घरात एक शाल आहे. धानाखाली आहे. तेच नेऊन माह्या अंगावर टाका म्हनाव, नवी काऊन आनता?” तो खाली मान घालून गेला. गाडी येणारच आहे.

तुम्ही विचारता, एवढं का वाईट झालं. मी तुम्हाला शिव्या देणार नाही. शिव्या दिल्या की तुमचं मन मोकळं होईल, आणि ते मला नको. तुमचं नाटक बंद करा असंही म्हणत नाही. करा. फासाचा प्रवेश नीट पाठ करा, लोक लांबून येतात.

फक्त तुम्ही लिहिलं होतं, की प्रेक्षकांनी जे जे कळवलं ते तुम्ही पेटीत जपून ठेवता. म्हातारीची चप्पल, बल्लारपूरचे काका, वंदे मातरम् म्हणणारी पोरं. त्यात एक राहिली आहे, ती ठेवा. बाबांना घेऊन जाताना त्या पाचातला सगळ्यात लहान, मिसरूडही नीट फुटलं नव्हतं असा, आईजवळ थांबला. तिच्या हातातली भाकर घेतली, दोन घास खाल्ले आणि तिला म्हणाला, “नाटक आमीबी पाह्यलं, माय, मोहटोल्याले, मांगं उभे राहून. मुनशीचं काम मस्त झालं.”

संघप्रिया